वायाळ सरांची भाकर

लोणारच्या एसटी स्टँडवर वायाळ सर भेटले की नमस्काराच्या आधी विचारत, "पोटात काही आहे काय?" आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी भूगोल. निवृत्तीनंतर त्यांचा सगळा वेळ सरोवराच्या काठी पाखरं बघण्यात जाई. आणि त्यांना गाडी भयंकर लागायची! राजूर घाटात तर ओळखीचा ड्रायव्हर त्यांच्यासाठी पुढची सीट धरून ठेवायचा. सरांचा पाखरांपेक्षा मळमळीचा अभ्यास जास्त, असं आम्ही त्यांच्या माघारी म्हणायचो.

घाट चढायचा तर उपाशी निघायचं, ही आमच्या घरची रीत. आईनं लावलेली. सर त्यावर चिडत. "हे कोणं सांगतलं तुले? रिकाम्या पोटालेच गाडी जास्त लागते. कोरडी भाकर खाय अन् मंग बस." मी हो हो म्हणायचे आणि उपाशीच निघायचे.

सरांचा एक डोळा काचबिंदूनं गेला होता, दुसऱ्याची नजर चालली होती. डॉक्टर म्हणाले, काय बघायचं ते लवकर बघून घ्या. सरांना बघायचं होतं वादळी पाखरू. ते भर समुद्रात राहतं आणि लाटांवर पाय टाकत चालल्यासारखं उडतं. पावसाळा सरल्यावर आम्ही पाच जण कोकणात गेलो. मला त्यांनी ओढूनच नेलं. "भूगोल शिकवतं अन् समुद्र पाह्यला नाही? शाबास!"

सकाळी लॉजवर सरांनी प्रत्येकाच्या हातावर अर्धी भाकर आणि एक गोळी ठेवली. "गोळी आत्ताच घ्या. बोट लागल्यावर घेऊन फायदा नाही. बोटीत मधात बसा, नजर दूर ठेवा, दुर्बीण सारखी डोळ्याले लावू नका." मग माझ्यापाशी आले. "खाल्लं काय?"

"हो सर." भाकर आणि गोळी, दोन्ही माझ्या पर्समध्ये होत्या.

किनारा दिसेनासा झाला आणि मला बोट लागली. अशी लागली की मरण परवडलं. सरांनी मला वाऱ्याकडे पाठ करून कठड्यावर वाकवलं आणि दंड धरून ठेवला. तेवढ्यात पलीकडून नावाडी ओरडला, "ते बघा, आलं!" सगळे तिकडे धावले.

"सर, तुम्ही जा ना!"

"पाखरू पुन्हा येईन. तू पाण्यात पडशीन तं?"

त्यांनी हात सोडला नाही. मी मान वर केली तेव्हा पाखरू निघून गेलं होतं. संध्याकाळपर्यंत दुसरं आलं नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत सरांची नजरही गेली.

रविवारी मी त्यांना पेपर वाचून दाखवायला जायचे. दर रविवारी सांगायचं ठरवायचे आणि जीभ रेटायची नाही. अखेर एकदा बोलले, "सर, त्या दिवशी मी खाल्लं नव्हतं."

"मले तवाच कळलं. निसतं पिवळं पाणी पडलं तुह्यं. भाकर खाल्ली असती तं भाकर पडली असती."

"मग रागावला का नाहीत?"

"आधीच मरून राह्यली होती तू. अजून काय रागवू?" मग म्हणाले, "आता तू जाऊन पाह्य. अन् मले सांग, कसं दिसते ते."

जाते सर, पुढच्या वर्षी जाते, असं मी म्हणत राहिले. समुद्राची धास्ती बसली होती. दोन वर्षं अशीच घालवली मी, करंटीनं. तिसऱ्या वर्षी सर गेले.

यंदा एकटीच गेले. सकाळी गोळी घेतली, अर्धी भाकर खाल्ली. मळमळलं, पण निभावलं. दुपारी ते पाखरू आलं आणि मी मोठ्यानं सांगत सुटले, "सर, काळं आहे हो! चिमणीपेक्षा थोडं मोठं. शेपटीच्या वर पांढरा पट्टा. खरंच पाण्यावर चालतंय, सर!"

नावाडी घाबरून माझ्याकडे बघत होता. "ताई, बरं वाटत नाही का? सकाळी काही खाल्लंय ना?"

"हो," मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं.