चुलीवरचा नवरा

ओझरच्या विमान कारखान्यात रशियन इंजिनिअरांबरोबर काम करता करता शेखर निकमांनी त्यांची भाषा उचलली. निवृत्तीनंतर ते तिकडच्या नव्या परीकथा मराठीत आणू लागले. पण जन्म गेलेला यंत्रांची माहितीपुस्तकं वाचण्यात. त्यामुळे पहिलंच वाक्य उतरलं ते असं : 'राजकन्येने बेडकाची कातडी काढण्यापूर्वी ती कोरडी असल्याची खात्री करावी.' हसावं की रडावं, त्यांचं त्यांनाच कळेना.

एका कथेवर मात्र त्यांचा भारी जीव जडला. रशियातली जुनी चूल आपल्या दिवाणाएवढी. थंडीत माणसं तिच्यावरच झोपत. जुन्या कथेतला आळशी गडी तिथे लोळत पडे आणि जादूने सगळं आयतं मिळवी. या नव्या कथेत चूलच वैतागते, त्याला खाली पाडते आणि चालू लागते. तिचं बघून गावातल्या सगळ्याच चुली निघून जातात. मग त्यांना परत आणण्यासाठी पुरुषमंडळी लाकडं फोडायला शिकतात. गंगापूर रोडच्या वाचक मंडळात रविवारी याच कथेवर शेखररावांचं व्याख्यान होतं. विषय : माणसाचं आणि समाजाचं परिवर्तन.

"पहिल्या रांगेत बस हं," दिवाणावर लोळत, रिकामा कप पुढे करत ते बायकोला म्हणाले.

"मी नाही येत," उज्वला म्हणाली. "तुम्ही चूल सोडाल त्या दिवशी येईन."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण आपल्यासाठीच केलेली असावी, असं शेखररावांना वाटलं. समोर उज्वला नसली की त्यांना बोलायला सुचत नसे.

रविवारी ते तिच्याआधी उठले. अख्खं इंजिन खोलून जोडणाऱ्या माणसाला चहाची पावडर सापडेना. दूध उतू गेलं, उरलेलं तळाला लागलं. तरी एक कप त्यांनी तिच्यापुढे ठेवला. तिने तो संपवला.

व्याख्यानाला ती आली, शेजारच्या लताबाईंना घेऊन पहिल्या रांगेत बसली. शेखररावांना चांगलाच चेव चढला.

"परिवर्तन घरापासून सुरू होतं," ते शेवटी म्हणाले. "आज सकाळी चहा मी केला."

टाळ्या पडल्या. लताबाईंनी उज्वलाला विचारलं, "खरंच का हो?"

"केला ना. मी अजून भांडंच घासतेय."

सगळे हसले. शेखररावही हसले, पण मनातून त्यांना लाज वाटली. संध्याकाळी त्यांनी बाह्या सरसावून भांडं घासलं आणि ओट्यावर पालथं घातलं. उज्वलाने ते उचलून आत पाहिलं. तळ अजून काळाच होता. तिने भांडं परत त्यांच्याच हातात दिलं आणि दिवाणावर जाऊन बसली.