आंगमो आजीच्या हातचा चहा

उदयसिंहसरांच्या पुस्तकांची मला किळस येते, आणि त्यांच्या सातही पुस्तकांची प्रुफं मीच तपासली आहेत. किळस त्यांची जास्त की स्वतःची, हे अजून ठरलेलं नाही. पण सांगायचं आहे ते आकारामतात्यांबद्दल.

आकाराम पोवार आमच्या गल्लीत शेवटच्या घरात राहतात. सतरा वर्षं सैन्यात काढली, मग शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या गेटवर वॉचमन. चालताना डावा पाय जरा वाकडा पडतो, कारण त्या पायाला तीनच बोटं आहेत. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं, म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, मिशी पुसायची आणि घरी यायचं, एवढाच त्यांचा शौक.

सरांना बर्फाळ मुलखातली रहस्यमाला लिहायची होती. उत्तरेशी त्यांचा संबंध म्हणजे लग्नानंतरचे शिमल्यातले चार दिवस. पहिल्या भागाचा कच्चा मजकूर आला, तर डोंगरातल्या त्या अठरा घरांच्या गावातला सरपंच आमच्याकडच्या सरपंचासारखा मिशीला पीळ भरत होता आणि बायका अंगणात सांडगे वाळत घालत होत्या. मला हसू आवरेना. मीच म्हटलं, आमच्या गल्लीत एक फौजी आहेत, तीन वर्षं तसल्या गावात काढलीत, त्यांना विचारा. माझीच अक्कल.

मग सर रोज कट्ट्यावर जाऊ लागले. तात्या सांगायचे, सर वहीत उतरवून घ्यायचे. सात महिने बंद पडणारा रस्ता, छपरावर रचलेली लाकडं, आणि आंगमो आजी. गस्तीवरून परतताना तात्या वाट चुकले होते, पाय काळेनिळे पडले होते. या म्हातारीनं त्यांना घरात ओढून घेतलं, आपला जाड झगा सैल केला आणि त्यांचे पाय उघड्या पोटाला लावून दोन दिवस बसून राहिली. वरून लोणी-मिठाचा चहा पाजला. पहिला पेला तात्यांनी ओकून टाकला, तर तिनं दुसरा भरला. इथवर आलं की तात्या उगाच मिशी पुसायचे.

आजी पुस्तकात आली ती त्याच नावानं. नाव तात्यांनीच सांगितलेलं. ते बदलावं हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सहा भाग ती प्रत्येक खुनानंतर इन्स्पेक्टरला चहा पाजत राहिली. तात्या प्रत्येक पुस्तक घ्यायचे आणि तिचीच पानं वाचायचे. बाकी कोण मेलं, कुणी मारलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. नातीला पान उघडून दाखवायचे की हिच्यामुळं तुझा आजा उभा हाय.

सातव्या भागाची प्रुफं आली. आतापर्यंतच्या सगळ्या खुनांमागे आजीच निघाली, चहातून विष घालणारी. पोटाशी धरलेले फौजीचे पायही होते त्यात. फक्त शेवटी तो फौजीही तिनं मारला होता. तरी पेन्सिल धरून मी काना-मात्रा बघत गेले, शेवटच्या पानापर्यंत. मग उठले आणि तात्यांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन सरांच्या घरी आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, खून कुणाकडनंबी करवून घ्या, तेवढं नाव बदला. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि वर्गात शिकवावं तसं समजावलं. वाचकाला धक्का लागतो. सगळ्यांत मायाळू माणूसच खुनी निघाला पाहिजे. सहा भाग चाललेलं नाव आता कसं बदलणार? म्हातारी तर केव्हाच गेली असेल.

"आणि तात्या, तिच्या गावात मराठी वाचतंय कोण?"

"मी वाचतोय की," तात्या म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून उठले.

पुस्तक निघालं. प्रकाशनाला तात्यांचाही सत्कार ठेवला होता, फेटा, शाल, नारळ. मला वाटलं, येणार नाहीत. आले. फेटा बांधू दिला नाही. माईक हातात घेतला, वाकून डावा बूट काढला, मोजा काढला आणि पाय उचलून टेबलावर ठेवला, नव्या कोऱ्या प्रतींच्या शेजारी.

"ह्या पायाची दोन बोटं गेली. तीन हायत. ती त्या बाईनं पोटाला लावून राखल्यात. तिनं कुणाला मारलं न्हाय. एवढंच सांगाय आलतो."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले, मोबाइल वर झाले, सरांनी डोळे पुसत तात्यांना मिठी मारली. माझ्या मागचा एक जण म्हणाला, जाहिरातीची आयडिया भारी काढलीय. मला त्या माणसाची शिसारी आली, सरांची आली, आणि माझे हात बघितले तर तेही टाळ्या वाजवत होते. तात्यांना बुटाची नाडी बांधायला वेळ लागला. ती बांधून होईपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत.

आता ते कट्ट्यावर जातात, दूध पितात, पण बोलत नाहीत. नोकरी कुठं झाली असं कुणी विचारलं, तर लांब, एवढंच म्हणतात.

गेल्या महिन्यात आठव्या भागाची प्रुफं आली. पहिल्याच पानावर एक म्हातारा फौजी भर सभेत बूट काढतो. त्याचं नाव आकाराम पोवार. खाली दोन ओळींवर आंगमो आजीचं नाव, विषारी म्हातारी म्हणून. मी तो गठ्ठा उचलून तात्यांकडे नेला. त्यांनी बोट ठेवून दोन्ही नावं वाचली.

"माझं असूंदे," ते म्हणाले. "सगळे खून मीच केले म्हणून लिवा म्हणावं. तेवढं तिचं काढा."

मी हे सरांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, तर ते हेही लिहितील.