सात पिढ्या आणि एक आंघोळ

सुनेने सासरच्या अंगणात, नणंदेच्या लग्नाला अठरा दिवस उरले असताना, सासरची वंशावळ मोठ्याने वाचून दाखवू नये. मी दाखवली. वर ती चुकीची होती. त्या वंशावळीतली दोन अख्खी माणसं मी गिळली होती आणि साधा ढेकरही दिला नव्हता.

नातवंडं विचारतात, आजी, तू तेव्हा हुशार होतीस का गं? मी म्हणते, होते ना, म्हणून तर घोळ झाला. ढ बाईला एवढा घोळ घालता येत नाही, त्याला शिक्षण लागतं.

जिल्हा वेगळा होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी बांद्याच्या शाळेत इतिहास शिकवत होते. माझं माहेर मालवणच्या बाजारपेठेतलं, सासर बांद्याहून आत, भातशेती आणि काजूच्या बागांचं. लग्नाला पाच वर्षं झाली तरी त्या घरात मी नवीच. कोणत्या डब्यात कोकमाची सोलं आणि कोणत्यात चिंच हे अजून मला विचारून घ्यावं लागे. शहाणी सून अशा वेळी चुलीपाशी बसते, हळूहळू घरात मुरते. मी माळ्यावर चढले. तिथे एक पेटारा होता, त्यात मोडीतले कागद होते, आणि मोडी त्या घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती. वडील कोर्टात कारकून, त्यांनी मला लहानपणीच शिकवली होती. म्हटलं, स्वयंपाकघरातून नाही तर पेटाऱ्यातून, पण शिरेन या घरात.

पेटाऱ्यात एक मृत्युपत्र निघालं. संस्थानच्या काळातलं, कडा कसरीने खाल्लेल्या. लिहिणारा म्हणत होता की धाकटा भाऊ सरहद्दीपलीकडे गोव्यात गेला, तिथे त्याने त्यांचा धर्म घेतला, गेला तो गेला. पण पुढे एक ओळ होती: त्याचे वंशजांचे सुखदुःख आपले जाणोन पाळावे, यात अंतर करू नये. मी माळ्यावरच टाळी वाजवली. धूळ उडून शिंका आल्या त्या वेगळ्या.

मग मला स्वस्थ बसवेना. शाळेच्या सुट्टीत गोव्याची एस्टी धरायची आणि सरहद्दीपलीकडच्या त्या चर्चच्या गावात उतरायचं. तिथले पाद्री म्हातारे होते. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या जुन्या वह्या त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. मी पहिलंच पान उलटायला जिभेला बोट लावलं, पेपर तपासण्याची सवय, तर त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली आणि परत दिली ती माडाच्या एका हीरासकट, म्हणजे झावळीच्या काडीसकट. पान उलटायचं ते हीराने. ते पोर्तुगीज वाचून सांगत, मी लिहून घेत असे. धाकटा भाऊ सापडला. बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं मृत्युपत्राशी जुळलं. तिथून खाली उतरत उतरत वंश आला तो थेट आमच्या वहाळापर्यंत. दोन पिढ्यांपूर्वी त्यांच्यातला एकजण सरहद्द ओलांडून मूळ गावी परत आला होता आणि त्याने आमच्या वहाळाच्या पलतड, म्हणजे पलीकडच्या काठावर, घर बांधलं होतं. त्याचा नातू म्हणजे तिथला म्हातारा सुतार. गावात सगळे त्याला पलतडचो म्हातारो म्हणत. मी त्याला रोज बघत होते आणि शोधत होते वह्यांत.

तर आता ते अंगण. लग्नाच्या आमंत्रणांची यादी चालली होती. सासरे म्हणाले, भावकीपासून सुरुवात करा. मला कुठला दम. मी आत जाऊन कागद आणले आणि सुरुवातीपासून वाचायला लागले. सासरे खूश होते. मूळपुरुष आला, थोरला आला, मृत्युपत्राची ती ओळ आली तेव्हा त्यांनी डोळे पुसले. मग मी धाकट्याची शाखा वाचली आणि शेवटचं नाव घेऊन थांबले. वर्गात असं थांबते तशी, उत्तर ऐकायला.

"म्हंजे पलतडचो म्हातारो आमच्या भावकीतलो?" सासरे म्हणाले.

म्हटलं, हो. मूळपुरुषापासून सातवा.

सासऱ्यांनी बोटं मोजली. एकदा मोजली, परत मोजली. मग त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं माझा आवाज बसलाय म्हणून त्यांना ऐकू येत नाही. मी परत वाचू लागले. त्यांनी हाताने थांबवलं आणि वहाळाकडे बघत विचारलं, "आज खोकलो काय रे तो?"

सातव्या पिढीपर्यंतचा भाऊबंद गेला तर दहा दिवस सुतक, आणि सुतकात लग्न लागत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सुतक म्हणजे घरातली गोष्ट आणि वंशावळ म्हणजे माझी विद्वत्ता, या दोहोंचा संबंध असतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इतिहासाच्या बाईला मेलेली माणसं तोंडपाठ असतात. मरायला टेकलेला एक जण वहाळापलीकडे शिमग्यापासून अंथरुणाला खिळला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती, त्याचा मात्र तिला विसर पडला.

नणंद सत्तावीस वर्षांची. दोन वेळा ठरलेलं मोडलेलं. हा नवरामुलगा नांदगावचा, मुंबईत गोदीत नोकरीला, मोजकी रजा घेऊन आलेला. हा मुहूर्त टळला तर पुढचा तुळशीच्या लग्नानंतर, आणि तोवर आम्ही थांबणार नाही असं त्याच्या घरच्यांनी आधीच कानावर घातलं होतं. ती काजू सोलत होती. चिकाने काळे झालेले हात तिने तसेच मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "वयनी, तुका माझा लगीन बघूचा होता काय म्हाताऱ्याचा मराण?"

वाचन अर्धवट टाकून मी कागद गुंडाळले. कधी नव्हे ते.

भटजींना बोलावलं. त्यांनी सांगितलं की शास्त्राने पाहिलं तर धर्म सोडून गेलेल्याचं सुतक नाही. सगळ्यांनी श्वास सोडला. मग त्यांनी मृत्युपत्राची ओळ ऐकली आणि पानाची चंची बंद केली. मूळपुरुषाच्या घरचा लेखी शब्द आहे, म्हणाले, मी चालेल म्हणायचं आणि उद्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं तर सगळी बोटं माझ्याकडे. सातव्याच्या पुढे असता तर तीन दिवसांवर भागलं असतं, निभावून नेता आलं असतं. सात आहे म्हणजे दहा. जाताना माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं की हा कागद माळ्यावर सुखात होता, तो खाली कुणी आणला?

तेव्हापासून घरात एकच कान उरला आणि तो वहाळाकडे लागलेला. खोकला ऐकू आला की बायका कामाला लागत, नाही आला की हात थांबत. गावातल्या चर्चची घंटा वाजली की सासरे उठून उभे राहत, मग आज रविवार आहे हे आठवून बसत. खोकला ऐकायची कामगिरी अर्थातच माझ्याकडे आली. सकाळी धुण्याची बालदी घेऊन वहाळावर जायचं, दगडावर बसायचं आणि धुतलेलेच कपडे परत धुवायचे. खोकला आला की घरी जाऊन फक्त मान हलवायची. माझी दोन लुगडी त्या पंधरवड्यात विरली.

पलतडच्या घरी अचानक पेज जाऊ लागली. अंडी गेली, शेवग्याच्या पाल्याचं सार गेलं, बांद्याहून डॉक्टर आणून झाला. इतकी वर्षं त्या घराशी आमचा संबंध म्हणजे आमच्या मुलींच्या लग्नाचे पाट तो म्हातारा करून देई, फणसाच्या लाकडाचे, आणि मोबदल्यात काही घेत नसे. का घेत नाही हे कुणी विचारलं नव्हतं. नणंदेचे पाटही त्याच्याकडेच होते. एक झाला होता, दुसरा अर्धा. आता म्हाताऱ्याची सून दारात उभी राहून आमची भांडी मोजून परत देई आणि आम्हाला बघून चक्रावे.

मी झोपेत सात मोजत होते. जागेपणी आठ करायला बघत होते. एका सकाळी बालदी ठेवली आणि सरळ एस्टी धरली. इतिहासाच्या माणसाने पुरावा शोधायला जावं, मी पळवाट शोधायला निघाले होते. चेकनाक्यावर एस्टी अर्धा तास उभी, आणि मी खिडकीतून बाहेर बघत मनात म्हणते आहे, खोक बाबा, खोकत राहा.

पाद्रींनी माझा कागद समोर धरला. मी सगळं खरं सांगितलं. ते हसले नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांनी फार वेळ घेतला. मग त्यांनी तिसऱ्या नावावर हीर टेकवला आणि विचारलं, "बाय, हा माणूस चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाप झाला का?"

मला ते आधीही दिसलं होतं. खोटं कशाला सांगू. पण तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, कोकणची हवा आहे, नारळाचं पाणी आहे, होतात माणसं.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. धर्म बदलला तरी त्या घराने ती सोडली नव्हती. चर्चने दिलेलं नाव नातवाकडे जसंच्या तसं उतरलं होतं. वहीत आजोबा होते, पुढे बाप होता, मग आजोबांच्याच नावाचा नातू होता. मी आजोबा आणि नातू एकच धरले आणि मधला बाप सरळ उडवला. मी स्वतः माझ्या आजीच्या नावाची, तरीही. पाद्रींनी पान उलटून दफनाची नोंद काढली, तिथे आजोबा व्यवस्थित मरून पडले होते. आम्ही दोघांनी परत मोजलं. नऊ. म्हातारा सातवा नव्हता, नववा होता.

परतीची एस्टी संपूर्ण रस्ता हळू चालली असं मला आजही वाटतं. बांद्याला उतरून मी जवळजवळ धावत घर गाठलं. अंगणात सासरे होते, माझा नवरा होता, ओरोसच्या नव्या कचेरीतून रजा टाकून आलेला, नणंद दाराशी होती. मी म्हटलं, नऊ. सासऱ्यांनी लगेच बोटांवर तीन दिवस घेतले. आज गेला तर, उद्या गेला तर, परवा गेला तर. लग्नाला सहा दिवस होते. लग्नाच्या आदल्या दिवशी गेला तर तीन दिवससुद्धा लग्नाला खाणारच होते. सगळ्यांची तोंडं पुन्हा उतरली. नणंद आत गेली.

सासूबाई कोपऱ्यात आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ खोवत होत्या. इतके दिवस त्या यात एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी खोबऱ्याची कवड बाजूला ठेवली.

"तीन नाय नि धा नाय," त्या म्हणाल्या. "आंघूळ ती. एक आंघूळ."

कुणाला कळेना. मग त्या सांगत गेल्या, खाली बघतच. त्या या घरात आल्या तेव्हा त्यांच्या सासूने सांगून ठेवलं होतं: पलतडच्या घरात कुणी गेलं की घरातल्या मोठ्या बाईने विहिरीवर जायचं, आहे त्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, कुणाला सांगायचं नाही. तिला तिच्या सासूने सांगितलेलं. का ते तिलाही माहीत नव्हतं. म्हाताऱ्याची बायको गेली तेव्हा सासूबाई न्हाल्या, त्याचा भाऊ गेला तेव्हाही न्हाल्या. तेवढ्यावर घर सुतकातून मोकळं होत आलं होतं, पिढ्यान्‌पिढ्या.

सासरे म्हणाले, "मगे आधी कित्याक बोललंस नाय?"

"माका कोणी इचारल्यान?"

आणि मी तर बघितलं होतं हो. तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी, सासूबाई विहिरीवर नखशिखांत भिजून उभ्या. मी त्याच आठवड्यात माहेरी पत्र लिहिलं होतं, आमच्या सासूबाईंना भलत्या वेळी आंघोळीचा झटका येतो म्हणून. मृत्युपत्रातली ती ओळ माझ्यासमोर ओल्या लुगड्यात उभी होती आणि मी तिच्यावर विनोद करत होते.

भटजींना पुन्हा बोलावलं. घरची चाल आहे म्हटल्यावर त्यांनाही हायसं वाटलं. चाल शास्त्राहून जुनी, म्हणाले, आणि चंची उघडली.

दुसऱ्या दिवशी मी पलतड गेले, पाट आणायचं निमित्त करून. खरं तर माफी मागायला. आपल्या मरणाचा दिवस शेजारचं घर बोटांवर मोजतंय हे कळल्यावर माणसाला काय वाटत असेल, हे मला वाटेत पहिल्यांदा सुचलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा. म्हातारा उशाला टेकून बसला होता. पाट दोन्ही तयार होते. दुसरा त्याने अंथरुणात बसूनच पुरा केला होता, त्याला रंधा नीट लागला नव्हता, एका कडेला खरखरीत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, नातंही आणि आमची मोजणीही. त्याने मला बोलूच दिलं नाही. म्हणाला, "तू बालदी घेवन इलंस काय मी मुद्दाम खोकतंय. घराक जावन सांगूक होया मा तुका."

मुहूर्तावर लग्न लागलं. नणंद त्याच पाटावर उभी राहिली, खरखरीत बाजू तिच्या पायाखाली, आणि नंतर कितीतरी वर्षं मला त्या पाटावरून टोमणे मारत राहिली. म्हातारा मांडवात खुर्चीवर बसला होता आणि अक्षता टाकताना त्याचा नेम चुकून अर्ध्या माझ्या डोक्यावर पडल्या.

तो श्रावणात गेला. घंटा वाजली तेव्हा सासूबाई जागच्या हलल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या. मी विहिरीवर गेले. राहाटाने पाणी काढलं, कळशी उचलली आणि तशीच उभी राहिले, कारण पाट माझ्या हातात देताना तो जे बोलला होता आणि मी थट्टेवारी नेलं होतं, ते आत्ता समजलं:

"चेडवाचा लगीन होयसर मी मरूचंय नाय. मगे मात्र आंघूळ तुझी हां, बाय. सासवेक लावू नको, तिचा वय झाला."