चोरीला गेलेली सवत

ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही, आणि आठवली की आधी हसूच येतं. मी तेव्हा पालमच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी आटोपून मी कामाची वाटणी करत होतो, तेवढ्यात पन्नाशीकडे झुकलेली एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, माजी सवत चोरीला गेली."

आमचे हवालदार जुने, कशालाही न बिचकणारे. त्यांनी बेपत्ता व्यक्तीची माहिती विचारायला सुरुवात केली.

"वय?"

"मेली तवा विशीतली व्हती."

हवालदारांचं पेन थांबलं. "मेली? मग चोरली कोणी?"

"त्येच तर तुमी सांगायचं."

हवालदार तिला घेऊन माझ्या खोलीत आले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, बाई भ्रमिष्ट असणार. पण बाई चांगली भानावर होती, आम्हीच चुकलो होतो. आमच्या भागात काही घरांत एक रीत अजून आहे. पहिली बायको वारल्यावर नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तर दुसरी बायको पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालते. टाक म्हणजे बाईची आकृती उठवलेला सोन्याचा किंवा चांदीचा लहानसा पत्रा. बायका त्याला सरळ सवतच म्हणतात. घरात नवी साडी आली की तिची घडी आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची.

हिची सवत पहिल्याच बाळंतपणात गेली होती. मागे राहिलेली मुलगी हिने वाढवली आणि आता तिचं लग्न तोंडावर आलं होतं. दोरा झिजला म्हणून बाईने टाक गळ्यातून काढला, नव्याने गाठवून आणेपर्यंत देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवला आणि तिथून तो नाहीसा झाला.

"परभणीहून बस्ता आणलाय. पोरीचा शालू तसाच घडीत पडलाय," ती म्हणाली. "तिच्या आईला लावल्याबिगर तिला कसा नेसवू, साहेब? आईचा फोटू न्हाई घरात. ल्हानपणापसून त्यो टाकच दावलाय म्या तिला. आता गावात म्हणायलेत, सावत्र आईनं ऐन लग्नात मोडून खाल्ला. पोरगी काय बोलत न्हाई, पर बघतीय माज्याकडं."

गुन्हा दाखल करून मी स्वतः स्थळ पाहायला गेलो.

त्याच डबीत टाकाशेजारी सोन्याची कर्णफुलं होती, टाकाहून चांगली वजनदार. ती जागची हलली नव्हती. जड सोनं सोडून हलकं नेणारा चोर सोन्यासाठी आलेला नसतो. मग कुलूप-कडी तपासण्यात अर्थ उरत नाही, घरात कोण येऊन गेलं ते विचारावं लागतं. टाक नाहीसा झाला त्या दिवशी मुलीचा मामा, म्हणजे वारलेल्या बाईचा भाऊ, येऊन गेला होता. देव्हाऱ्यासमोर बसला, चहा घेतला आणि ताट वाढेपर्यंत थांबला नाही. लग्नघरातून मामा न जेवता जातो, हे मला खटकलं. बाई मात्र त्याचं नाव घ्यायला तयार नव्हती. लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहायचा असतो, त्याला कोठडीत घालून कसं चालेल?

मामाचं गाव पिंगळीच्या बाजूला. हद्द दुसऱ्या ठाण्याची, म्हणून तिथे कळवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, त्याची आई लय दिसांनी बाजंवरून उठलीय. पुरणाच्या पोळ्या करायला लावल्या सुनंला. लेक आली म्हणून सगळ्या गल्लीत सांगायलीय. लेक तर कवाच मेली. म्हातारी भरमली का काय, कळंना."

मी मामाला चौकशीसाठी बोलावलं. साधा शेतकरी, हात गुडघ्यांवर ठेवून बसला. टाकाबद्दल विचारलं की एकच उत्तर, "मला ठावं न्हाई." दरडावून झालं, समजावून झालं. सराईत माणूस खोटं बोलताना तुमच्याकडे बघतो, हा जमिनीकडे बघत होता. शेवटी मी टाकाचं नाव सोडलं. चहा मागवला, शेतीपाण्याचं विचारलं आणि सहज म्हटलं, "बहीण कशी आहे?"

"बरी हाय. आईपशी हाय," तो बोलून गेला आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला.

पुढचं त्याने आपणहून सांगितलं. "दाजीच्या ह्या बायकूच्या गळ्यात टाक दिसला न्हाई. वाटलं, पोरगी नांदाया चालली, आता सवतीला कोण ठिवून घेतंय? मोडतील. आई म्हणायली, मरायच्या आदी येकदा लेकीला बघू दे. चोरी न्हाई केली, साहेब. भैन घरी आणली."

कायदा म्हणतो, हे निवेदन झालं. आता मुद्देमाल जप्त करायचा. आम्ही दोन पंच घेऊन निघालो, ओळख पटवायला फिर्यादी बाईही बरोबर होती. घरात म्हातारी भिंतीला टेकून बसलेली, मुठीत टाक. पोलीस पाहून तिने मूठ पदराखाली घेतली.

"तिला ठाण्यात कशाला न्यायलात?" ती मला म्हणाली. "तिनं काय केलं?"

मला फार वाईट वाटलं. उत्तर दिलं ते फिर्यादी बाईने. ती म्हातारीजवळ जाऊन बसली.

"ठाण्यात न्हाई, आई. मी घरी न्यायला आले. लेकीचं लगीन हाय तिच्या."

म्हातारीने मूठ उघडून सुनेला हाक मारली. "अगं, हिची वटी भर. लेक सासरी चाललीय, मोकळी कशी धाडू?"

सुनेने खण-नारळ आणला. दुसरीच्या पदरात पहिलीची ओटी भरली गेली. टाक हातात घेऊन बाई माझ्याकडे वळली.

"साहेब, चोरी न्हाई झाली. ती म्हायेराला आली व्हती."

पंचांना मी चहा पाजून परत पाठवलं. दाखल गुन्हा तोंडी मिटत नाही, म्हणून तक्रार गैरसमजातून झाल्याचा अहवाल रीतसर न्यायालयात पाठवला. चोरीच्या तपासात वस्तू कोणाची, हे आम्ही पहिल्यांदा विचारतो. ती कोणाची कोण लागते, हेही विचारावं लागतं, हे मला नोकरी संपता संपता त्या बाईने शिकवलं.