उभ्या राहणाऱ्या काकू

"बसायचं नाही. बसलं की उठवतात," असं म्हणून काकू बँकेतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करायच्या. बरं, एका जागी उभ्या राहतील तर शपथ! घटकेत पंख्याखाली, घटकेत दारापाशी, की पुन्हा काउंटरकडे. बघणाऱ्याच्याच पायांत गोळे यावेत.

इथे उत्तरेकडे, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, आमच्या समोरच त्यांचे थोरले भाऊ राहत. एअर फोर्समधून निवृत्त झालेले, आता अंथरुणाला खिळलेले. त्यांचं करायला काकू न्यू जर्सीहून आल्या, नर्सची नोकरी संपवून. पासपोर्ट मात्र अमेरिकेचा. थोड्याच दिवसांत तिथल्या बँकेनं कळवलं, परदेशात राहणाऱ्यांची खाती आम्ही ठेवत नाही. काकूंची पेन्शन त्याच खात्यात यायची. इथे खातं उघडलं नाही, तर भावाला सोडून परत जाणं भाग होतं.

मी म्हटलं, "त्या बँकेला तिथल्या एखाद्या मैत्रिणीचा पत्ता द्या की! कोण बघायला येतंय?"

"राहते इथे आणि पत्ता तिथला? दादाचं अंथरूण काय न्यू जर्सीतून बदलू?"

झालं! मग माझी स्कूटी, मागे काकू आणि आलमबागेतली एकेक बँक. काकू दारातूनच विचारत, "भैया, अमेरिकन सिटिझन हूँ. चलेगा?" की समोरचा हसरा चेहरा उतरलाच. तिकडच्या करखात्याला कळवायची कटकट कुणाला हवी! "माँजी, हेड ऑफिस से पूछना पड़ेगा." चोरी करून आल्यासारखे बघायचे मेले! माझा नुसता जळफळाट व्हायचा. काकू तोवर पुढच्या बँकेच्या पायऱ्या चढत असायच्या.

संध्याकाळी दादा एकच विचारायचे, "तिकीट कधीचं?"

"बँक ठरू दे, मग सांगते."

शेवटी एका लहानशा शाखेतल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "चलेगा, क्यों नहीं? कागज थोड़े ज़्यादा लगेंगे. आप बैठिए." काकू बसल्या. मला तर तिथेच रडू आलं.

पासबुक मिळालं त्या संध्याकाळी दादांनी पुन्हा विचारलं. "कसलं तिकीट?" काकू म्हणाल्या, "माझं खातं इथे आहे." त्यानंतर दादांनी तो विषय काढला नाही.

उन्हाळ्यात दादा गेले. परगावी असणाऱ्या दादांच्या मुलानं घर विकायला काढलं. आमच्याकडे राहा म्हटलं, तर काकू नुसत्या हसल्या.

परत अमेरिकेला निघाल्या, तेव्हा अमौसीच्या विमानतळावर त्यांना पोहोचवायला मीच गेले. बाहेरच्या बाकावर काकू न सांगता बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. आत जायची वेळ झाली, तरी हलेनात. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "काकू, उठा."