टपावर घातलेले बिबडे

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ती गाडी आमच्या दारात आली. नवरा सुरतेला नोकरीला. तिथल्या त्यांच्या साहेबांनी दहा-अकरा वर्षं वापरून ती विकायला काढली, आणि यांनी मला न विचारता घेऊन टाकली. "टपाला काच आहे, बटण दाबलं की सरकते," हे फोनवर अशा थाटात सांगितलं की काच जणू यांनीच घडवली होती. मी म्हटलं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात डोक्यावर काच घेऊन मी काय भाकरी भाजू? त्यावर हसले. यांचं काय, महिन्यातून दोनदा येणार, हसणार आणि जाणार. गाडी चालवायला मी, धुवायला मी, पंक्चर झाली तर रस्त्यावर उभी राहणारी मी.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं, आठवड्यातून दोनदा, नंदुरबारला. आमचं गाव तापीच्या अलीकडे, शहादा तालुक्यात. बुधवारी मी अर्धी रजा टाकायची, शनिवारी शाळा सकाळचीच असते. शाळेतून यायचं, दोन घास खायचे, आबांना गाडीत बसवायचं, पूल ओलांडून नंदुरबार गाठायचं, ते चार तास मशीनला आणि मी चार तास बाकड्यावर, आणि दिवे लागायच्या आत परत. सासूबाईंना गाडी लागते, प्रकाशा येईपर्यंत दोन पिशव्या भरतात, म्हणून त्या घरीच. राहिलो आम्ही दोघं, सून आणि सासरे.

आता हे कसं सांगू? आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. भांडण नव्हतं हो काही. रीतच तशी. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे सांगायचं ते सासूच्या मार्फत. "चहा हवा का विचारा त्यांना." "तिला सांग, साखर कमी टाक." दोघं एकाच खोलीत, तीन हातांवर, आणि मधे सासूबाई पोस्टमन. मी पाचवी-सहावीच्या साठ पोरांना दिवसभर ओरडून शिकवणारी बाई, पण घरी आले की सत्तावीस वर्षं हाच कारभार. सुरुवातीला राग यायचा, मग हसू यायचं, मग काहीच येईनासं झालं.

पहिले दोन आठवडे गाडीत नुसती घुसमट. सासूबाई नाहीत म्हणजे बोलायचं कुणामार्फत? ते त्यांच्या बाजूला, मी माझ्या. पुढून उसाची ट्रॉली आली तरी मी श्वास रोखून गप्प. त्यातून आबांना तो सगळा प्रकारच नको होता. हातात दोन सुया खुपसून चार तास पडून राहायचं, वर पाणी मोजून प्यायचं. "हाई काय जगनं शे?" असं ते सासूबाईंना म्हणायचे, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तिसऱ्या आठवड्यात परत येताना त्यांना चक्कर आली. मी गाडी बाजूला घेतली, त्यांची सीट मागे पाडली, आणि वारा लागावा म्हणून टपाची काच उघडली. थोड्या वेळानं वरून बगळे नदीकडे गेले आणि आबा वर बघत म्हणाले, "बगळा चालनात नदीवर."

कुणाला म्हणाले? मला नाही. वर म्हणाले. पण गाडीत दुसरं कोण होतं? मी पदर सावरला आणि म्हटलं, "हं."

तिथून सुरू झालं. काच उघडी असो की ऊन म्हणून बंद, आबा मान टाकून वर बघायचे आणि वरच बोलायचे. ढग रिकामे शेतस. घार खाली झेपावली की म्हणायचे, घार शे, तिले उंदीर दिसना व्हई. दिवसाचा चंद्र दिसला की फार खूश. नंदुरबार जवळ आलं की मिरच्यांच्या पथाऱ्यांचा ठसका आत यायचा, दोघंही खोकायचो, आणि ते वर बघून मिरचीवाल्यांना शिव्या घालायचे. एकदा बहिणीचं सांगितलं. ती खापरला दिलेली. तिला आणायला ते गाडीबैल घेऊन गेले होते आणि वाटेत गारपीट झाली, बैलांच्या पोटाखाली दोघं बसून राहिले, आणि तेवढ्यात आमचं घर आलं, पुढचं राहिलं. हे सगळं आभाळाला सांगितलं. मी आधी नुसतं "हं" म्हणायचे, पुढे "मग?" म्हणायला लागले. सत्तावीस वर्षांत या माणसाचा जेवढा आवाज ऐकला नव्हता, तेवढा त्या चार-पाच महिन्यांत ऐकला.

घरी आलो की पुन्हा पोस्टमन. पण सासूबाईंनी मला एकदा चुलीपाशी हळूच सांगितलं, "म्हंतस, वर आभाय दिसस म्हनीसन जास मी." डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं, एक पाळी चुकली तर अंगात पाणी चढेल, दोन चुकल्या तर मला विचारायला येऊ नका. म्हणजे माणूस कशावर जगत होता बघा. मशीन होतं, औषधं होती, आणि ती दोन हातांची काच होती.

आणि चैत्रात सासूबाईंनी बिबडे घातले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ज्वारीचा आंबवलेला घाटा शिजवून जुन्या लुगड्यावर पातळ थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. पापडच, पण पापडाला ती चव नाही. दरवर्षी गच्चीवर घालतो. यंदा गुडघे दुखतात म्हणून सासूबाईंना जिना चढवेना, मी शाळेत, आणि अंगणात कोंबड्या. समोर गाडी उभी. टप सपाट, तापलेला, कोंबडीला न पोचणारा. त्यांनी पाट ठेवला, पाटावर चढल्या, टपावर लुगडं अंथरलं, बिबडे थापले आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर वजनं ठेवली. तीन कोपऱ्यांवर विटा. चौथी वीट सापडली नाही, म्हणून वरवंटा.

मी शाळेतून आले तर सासूबाई वाऱ्याला शिव्या देत होत्या. वावटळ आली, लुगडं फुगलं, वरवंटा उडून काचेवर आपटला. काचेला काळी फिल्म होती म्हणून ती खाली पडली नाही, पण सगळीकडून चुरा होऊन जागच्या जागी लटकत होती. बिबड्यांत काचेचे कण. तो सगळा घाणा उकिरड्यावर गेला.

"मी काय करू व, वारा उना!" त्या म्हणाल्या. मी ओरडणार होते. इतकं तोंडावर आलं होतं! पण काय बोलणार, त्या बाईनं सत्तर वर्षं वाळवणंच घातली. सपाट आणि तापलेलं दिसलं की त्यांचा हात थांबत नाही. मी पाट उचलून आत ठेवला.

शनिवारी चिकटपट्टीनं ताडपत्री लावून निघालो. पुलावर गाडीला दणका बसला आणि सगळा चुरा आमच्या अंगावर. आबांच्या केसांत, माझ्या मांडीवर, गिअरच्या फटीत. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून आबांचा सदरा झटकत होते आणि ते डोळे मिटून निमूट झटकून घेत होते. मागून हॉर्न. मला वाटलं, आता मीच इथे आडवी पडते, येऊ दे कुणाला यायचं ते.

ते मशीनला लागले आणि मी गॅरेजं फिरले. तिसऱ्या ठिकाणच्या मिस्त्रीनं टपावर हात फिरवून सांगितलं, "मॅडम, या मॉडेलची काच आता निघत नाही. सुरतेच्या भंगारात बघावी लागेल. पंधरा दिवस लागतील, महिना लागेल, मिळेलच असं नाही. पत्रा मारून देऊ का? दोन तासांचं काम. पाऊस गळायचीसुद्धा कटकट नाही."

यांना फोन लावला. "मार पत्रा आणि विषय संपव," म्हणाले.

विषय! पण खरं सांगते, मलाही संपवायचाच होता. उन्हानं डोकं फुटत होतं, सकाळपासून पोटात भाकरीचा तुकडा नाही, पेपर तपासायचे पडलेले. मी म्हटलं, मारा. आबांना विचारावं असं डोक्यातही आलं नाही. आणि आलं असतं तरी विचारणार कुणामार्फत होते?

आबा बाहेर आले, सीटवर आडवे झाले आणि त्यांनी वर बघितलं. वर पांढरा पत्रा, कडेनं वेल्डिंगचे काळे डाग. मग मान खिडकीकडे वळवली. घर येईपर्यंत एक शब्द नाही.

बुधवारीही नाही. पुढच्या शनिवारीही नाही. मीच मग मूर्खासारखी काचेतून पुढे बघून म्हणायचे, "आज ढग आहेत वाटतं." पण ते माझ्याकडून आलेलं बोलणं होतं, त्याला उत्तर देणं म्हणजे सुनेशी बोलणं.

पुढच्या बुधवारी मी गाडी काढून उभी राहिले. सासूबाई बाहेर आल्या, पदराचं टोक चावत. "आते बस व्हयनं म्हंतस. येत नहीत."

मी म्हटलं, त्यांना सांगा, काच शोधायला लावलीय. त्या आत गेल्या, परत आल्या. "काचनं काय, म्हंतस." त्यांना सांगा, डॉक्टर काय म्हणाले ते. आत, बाहेर. "डॉक्टर बी मरनारच शे, म्हंतस." सुरतेहून यांनी फोन केला, बापानं फोन कानाला लावून ऐकून घेतला आणि खाली ठेवला. बुधवार गेला.

शुक्रवारपर्यंत आबांच्या पायांवर सूज चढली. रात्री उशा रचून बसून झोपायला लागले. सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "मन्हा वरवंटानी मारं त्यास्ले." मी म्हणायचे, असं बोलू नका. पण मनात माझंच मला खात होतं. वरवंट्यानं काच फोडली होती. पत्रा मी मारला होता.

शनिवारी शाळेतून आले. वर्गात दोन पोरांनी एकमेकांची डोकी फोडली होती, मुख्याध्यापक माझ्यावर घसरले होते, रस्त्यात रिक्षा बंद पडली म्हणून अर्धा कोस उन्हातून चालत आले होते. सासूबाई दारातच. "येत नहीत, म्हंतस."

माझं डोकं फिरलं. मी पिशवी खाली टाकली. पदर घामानं मानेला चिकटला होता, तो ओढून कमरेला खोचला आणि तशीच सरळ आतल्या खोलीत गेले. आबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. मी समोर स्टूल ओढलं, त्यांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागेल इतक्या जवळ बसले. मागे सासूबाईंनी "अय माय!" केलं ते ऐकू आलं. रागावले की मी शाळेतली मराठी बोलते, तीच आली तोंडात.

"आबा, मी विचारतेय. मी. तुम्ही येणार आहात की नाही? पत्रा मी मारला, तुम्हाला न विचारता मारला, चुकलं माझं. मी थकले होते. पण आता तुम्ही असे बसून जाणार असाल तर मी काय करू ते मला सांगा. आईंना नाही, मला सांगा. बहिणीला आणलंत, पुढे काय झालं? गारा थांबल्या की नाही? तुम्ही अर्धंच सांगितलंत आणि मी बुधवारची वाट बघत होते."

आणि मग मला रडू आलं. पोरांसमोर कधी रडले नाही, यांच्यासमोर नाही, माझी आई गेली तेव्हा स्मशानातून आल्यावर सगळ्यांसाठी पिठलं मीच घातलं होतं. आणि इथे सासऱ्यासमोर स्टुलावर बसून हुंदके.

आबांनी मान वर केली. इतकी वर्षं माझ्याकडे बघायचं नाही म्हणून ते भिंतीकडे, जमिनीकडे, दाराकडे बघत आले होते. आता बघितलं. कपाळ, डोळे, मग डोक्यावरून नजर मागे नेली आणि तिथेच राहिली.

"तुन्हा केस कव्हय पिकनात?" ते म्हणाले.

कधी पिकले? पदराखालीच पिकले होते. हात आपोआप पदराकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"चला," मी म्हटलं, "गाडीम्हा सांगस मी."

आबांनी पाय खाटेखाली सोडले. सुजलेले पाय चपलेत जाईनात. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग चपला बाजूला सारून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले.

"असाच येस मी," म्हणाले.