केळीवाले ग्रुपचा उपवास

आमच्या नंदाखालच्या चर्चच्या पुरुष मंडळात किस्से शोधायला जावं लागत नाही. रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे सकाळच्या उपासनेनंतर, आठ माणसं हॉलमध्ये चहाला बसली की आपोआप साठतात. यंदा ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तर ढीगच झाला. हसून झालं की मला मात्र माझी लेक आठवते. ती घरातच असते, तरी आठवते.

*

सुरुवात फादरांनी केली. आमच्या ‘केळीवाले’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केळीच्या भावापेक्षा अश्लील क्लिपाच जास्त येतात, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

“मटण सोडता, दारू सोडता, यंदा हे सोडा!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचा बागायतदार इनास हळूच म्हणाला, “फादर, ईस्टरपर्यंतच ना?”

*

फादरांनी ईस्टरची मुदतच काढून टाकली. वर ठरलं, कुणी फोनला लॉक ठेवायचं नाही, घरच्यांनी कधीही बघावं!

इनासची बायको चष्मा लावून तासभर बसली. सापडलं काय? केळीच्या घडांचे फोटो, ढिगानं! “तीस वर्षं संसार केला, माझा एक तरी फोटो काढलास?”

पुढच्या रविवारी इनास तिला चर्चसमोर उभी करून फोटो काढत होता. आम्ही त्याला भरपूर चिडवलं. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला.

*

माझी लेक जेनी गोखिवऱ्याला नोकरी करते. पूर्वी तिचे सगळे सेल्फी माझ्याच फोनवर. दोन वर्षांपूर्वी असाच तिनं फोन घेतला, चुकून ‘केळीवाले’ उघडला आणि समोर क्लिप. तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला.

तेव्हापासून ती माझ्या फोनला हात लावत नाही. मिस्साला जाताना स्कूटरवर माझ्यामागे बसत नाही. “चालत येते, पप्पा,” एवढंच म्हणते. आता लॉक काढून महिना झाला. फोन रोज तिच्यासमोर पडलेला असतो. तिनं एकदा उचलावा, उगाच एखादा फोटो काढावा, एवढंच मला हवं आहे.

*

मग मंडळानं चर्चमध्ये दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या वर्गातल्या पोरांशी या विषयावर बोलायचं ठरवलं. टेम्पोवाला जॉन उभा राहिला आणि घाबरून अर्धा तास ब्रेकवरच बोलला! ऑइल, लायनर, सगळं! शेवटी एका पोरानं विचारलं, “अंकल, तुम्ही स्वतः बघता का?”

उठले ते आमच्यातले सर्वांत वयस्कर पास्कूमामा.

“बघत होतो रे. तुझ्याएवढा होतो, तवा मोठ्यांनीच दाखवलं. एक जरी मानूस आडवा आला असता ना...”

एवढं बोलून ते खाली बसले. पोरांपैकी कुणी हसलं नाही.

*

त्याच संध्याकाळी मी धीर केला. जेनी ओट्याशी बोंबील साफ करत होती. मी ग्रुप सोडल्याचं तिला सांगितलं. मग दोन वर्षं मनात घोकलेलं वाक्यही म्हणून टाकलं, “बाळा, ती क्लिप मी पाठवली नव्हती गं. दुसऱ्या कुणीतरी टाकलेली.”

तिनं मान वर केली नाही.

“माहीत आहे, पप्पा. खाली तुमचा हसणारा इमोजी होता.”